कपाटातली कादंबरी

गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभी असताना आपल्या मंडळातल्या एका तरुण मुलीनं मला विचारलं, "काकू, सध्या नवीन काय लिहिताय?" मी म्हटलं, "सध्या मी कपाटात बसते." ती हसली आणि मोदक घेऊन पुढे सरकली. काकूंचा विनोद असावा असं तिला वाटलं. पण मंडळी, ते अक्षरशः खरं होतं. चौदा महिने मी कादंबरीची एक ओळ लिहिली नव्हती, आणि आमच्या मागच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात पहाटे बसून स्वतःचंच जुनं पुस्तक मोठ्यानं वाचत होते. या अंकाच्या संपादकांनी "काहीतरी लिहाच" म्हटलं, तेव्हा ठरवलं की त्या मुलीला नीट उत्तर देऊन टाकावं.

आम्ही २००४ साली क्राइस्टचर्चला आलो. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात पूर्वेकडचं घर गेलं आणि बऱ्याच लोकांसारखे आम्हीही पश्चिमेला, हॉर्नबीला, राहायला आलो. ज्यांनी हॉर्नबी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, इथं निसर्गसौंदर्य वगैरे काही नाही. गोदामं, ट्रकचे अड्डे, मेन साउथ रोड, 'हब' नावाचा मॉल आणि घराच्या मागून जाणारी रेल्वे. मी एका ट्रक कंपनीत हिशेब लिहिते. सकाळी साडेसात ते चार. लिहायची वेळ पहाटे साडेचार ते सहा. या दीड तासात २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं घालून माझी पहिली कादंबरी झाली. कोकणातल्या एका शाळामास्तराच्या घराची गोष्ट आहे ती. माझे बाबा संगमेश्वरला शाळामास्तर होते, त्यामुळे "हे कोण?" असं मला कोणी विचारत नाही.

लिहून झालं की काम संपलं, अशी माझी भाबडी समजूत होती. पुण्याच्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित आवडल्याचं कळवलं, पण क्रमांक लागायला दोन वर्षं लागतील म्हणाले. बाबांचं वय तेव्हा ब्याऐंशी. मी ठरवलं, आपणच छापू. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडून आयएसबीएन फुकट मिळतो. ईमेलनं तो आकडा आला त्या दिवशी मी ऑफिसात पेढे नव्हते म्हणून बिस्किटं वाटली. २००३ च्या कायद्याप्रमाणे इथं प्रकाशित झालेलं पुस्तक त्या ग्रंथालयात जमा करावं लागतं. म्हणजे आमच्या मास्तरांची गोष्ट आता वेलिंग्टनला सरकारी कपाटात आहे, 'प्रकाशन स्थळ : हॉर्नबी' अशा नोंदीसह!

पण छपाई पुण्यात. मी युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्यांनी त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेला आणि वाटेत 'ऱ्य' गळला. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, 'पायऱ्या'चं 'पायर्या'. चौसष्ट हजार शब्द पुन्हा डोळ्यांखालून घालावे लागले. तीनशे प्रती छापल्या, त्यातल्या साठ इकडे मागवल्या, आणि एका प्रतीचा विमानखर्च तिच्या छपाईच्या खर्चाहून जास्त आला. मग खोकी, पावत्या, पाकिटं, "ताई, माझी प्रत अजून मिळाली नाही" असे फोन. लेखिका पहाटेची दीड तास होती, प्रकाशक मात्र चोवीस तास.

या सगळ्याची पहिली मुद्रितं बाबांनी तपासली होती, २०१९ मध्ये. पोस्टानं पाठवलेले कागद पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत यायचे. समासात "ऱ्हस्व!" असं उद्गारचिन्हासकट. पण २०२१ पासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. मधला भाग दिसेना, कडेचं तेवढं दिसे. २०२२ साली छापील पुस्तक हातात पडलं तेव्हा त्यांनी ते चाचपलं, वास घेतला, आणि बांधणी चांगली आहे म्हणाले. वाचता आलं नाही. फोनवर मला आईनं सांगितलं. स्वतः ते काही बोलले नाहीत.

म्हणून बोलतं पुस्तक. २०१७ साली स्टोरीटेल भारतात मराठी पुस्तकं घेऊन आलं, तेव्हापासून आपल्याकडेही ऐकायची सवय झालीच आहे. शिवाय आपल्याला ती नवी कुठे? श्रावणात पोथी एकजण वाचायचा आणि घर ऐकायचं. मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर यांच्या कथाकथनाला बाबा आम्हांला घेऊन गेले होते. मला वाटलं, वाचायचंच तर आहे, त्यात काय!

त्यात काय, ते सांगते. ऑडिबलच्या एसीएक्स या व्यवस्थेत मी पाहिलं तेव्हा न्यूझीलंडच्या रहिवाशांना नोंदणी नव्हती, पण ध्वनिमुद्रण कसं असावं याचे त्यांचे नियम जगभरचे लोक पाळतात, म्हणून मीही ते कागदावर लिहून भिंतीला लावले. सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये. कुठलाही उंच स्वर उणे ३ च्या वर नको. आणि कोणी बोलत नसताना खोलीची जी शांतता असते ती उणे ६० डेसिबलच्या खाली. ही शेवटची अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हाच मागून लिटलटनकडे कोळशाची मालगाडी निघाली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाणींचा कोळसा आमच्या कुंपणामागूनच बंदराला जातो. वर विमानतळ जवळ, आणि तो रात्रभर चालू. नॉर्वेस्टर सुटला की पत्रा वाजतो. हीटपंप बंद करावा तर जुलैत दात वाजतात, आणि तेही माइकमध्ये येतात.

शेवटी कपाट रिकामं केलं. आईनं शिवलेल्या चार गोधड्या तिन्ही बाजूंनी लावल्या, पाचवी दारावर. आत एक स्टूल, डोक्याला लावायचा दिवा आणि माइक. ह्यांच्या मते मी खाणीत उतरत होते. तोंड कोरडं पडलं की जीभ चटचट वाजते, त्यावर हिरव्या सफरचंदाची फोड खावी असं कुठेतरी वाचलं, आणि खरंच गुण आला. एका प्रकरणाचं वाचन पंचवीस मिनिटांचं, पण ते स्वच्छ करायला ऑडॅसिटीवर दोन-दोन संध्याकाळी. प्रकरणं बावीस. पहाटेचे ते दीड तास, जे मी भूकंप आणि लॉकडाउनमधूनही वाचवले होते, ते कपाटानं गिळले.

मी बाबांना मात्र स्वच्छ प्रतीची वाट बघायला लावली नाही. कच्चं ध्वनिमुद्रण तसंच व्हॉट्सॲपवर पाठवायची. ते सकाळी चहाबरोबर ऐकत, आणि इथं माझी जेवणाची सुट्टी झाली की फोन. मी गाडीत बसून डबा खात ऐकायची. "आजी 'हो का' म्हणते ते तुझ्या आवाजात पुणेरी झालं." बरोबर होतं. कागदावर ते वाक्य पाच वर्षं मला चांगलं वाटत होतं. मोठ्यानं वाचल्यावर कळलं की आजी तसं कधीच बोलली नसती. असे निदान चाळीस संवाद मी वाचता वाचता बदलले, त्यामुळे आता छापील पुस्तक आणि बोलतं पुस्तक जुळत नाही. शुद्धलेखनाची चूक कानाला ऐकू येत नाही, खोटं वाक्य मात्र लगेच येतं.

तेराव्या प्रकरणानंतर काम थांबलं. सगळ्यांना सांगितलं की गाड्या वाढल्यात, ऑफिसात वर्षअखेर आहे. खरं कारण चौदावं प्रकरण. बाबांनी तपासला तो पहिला खर्डा होता. त्यानंतर मी ते प्रकरण पूर्ण बदललं होतं. त्यात मास्तर मुलाच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकतात आणि मुलीला म्हणतात, तुझं काय, तुझं होईल. आमच्या घरी नेमकं असंच झालं नव्हतं, पण अगदीच वेगळंही झालं नव्हतं. छापताना मला भीती वाटली नाही, कारण तोवर बाबांना वाचता येत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. आता तेच माझ्या तोंडानं त्यांच्या कानात घालायचं होतं.

सात आठवडे गेले. मग बाबांचाच फोन, "मास्तर आजारी आहेत का?" दुसऱ्या दिवशी पहाटे वाचलं, एका दमात, आणि पुन्हा न ऐकता पाठवून दिलं.

त्या दुपारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी डबा उघडला आणि वाजला. "चौदावं ऐकलं," बाबा म्हणाले. "दोनदा ऐकलं. 'तुझं काय, तुझं होईल' हे वाक्य तू दोन वेळा वाचलंयस. एक काढून टाक. एकदाच पुरे आहे." मी म्हटलं, "हो बाबा." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही आणि शेवटी त्यांनी विचारलं, पुढचं कधी पाठवतेस?

तो 'पुढचं कधी' डोक्यात राहिला. हरिभाऊ आपट्यांची आठवण झाली. 'करमणूक' त्यांनी १८९० साली स्वतःच काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात तुकड्या-तुकड्यानं छापली. संपादक तेच, लेखक तेच, वर आनंदाश्रमाचा कारभार आणि पुढे पुण्याची नगरपालिका. वेळेचं गणित त्यांनी कसं बसवलं असेल याचा मी पूर्वी नुसता अचंबा करायची. आता वाटतं, पुढचा अंक मागणारा वाचक दाराशी उभा असला की ते गणित थोडं आपोआप बसत असावं.

तर सध्याची व्यवस्था अशी. प्रकाशकबाईंना फक्त शनिवार. त्या दिवशी मी घरात बसतच नाही. मातातिकी केंद्रात, म्हणजे २०२४ साली हॉर्नबीत उघडलेल्या त्या ग्रंथालय आणि पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, सगळ्या पावत्या आणि ईमेल उरकते. राहिलं ते पुढच्या शनिवारी. कपाट फक्त रविवारी पहाटे. सोमवार ते शुक्रवार ते दीड तास पुन्हा लिहिण्याचे. नवी कादंबरी सुरू झाली आहे. आठवडाभर जेवढं लिहून होईल तेवढं रविवारी कपाटात वाचायचं आणि संगमेश्वरला पाठवायचं, कच्चंच. कधी चार पानं होतात, एकदा दीडच झालं. बाबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि दीड पान पाठवलं की रागावतात.

पहिल्या कादंबरीचं बोलतं पुस्तक पूर्ण झालं, नऊ तास दहा मिनिटं. विक्रीचा आकडा विचारू नका, मीही तो फक्त शनिवारी बघते. पूर्ण झाल्यावर मी मोठ्या अभिमानानं स्वच्छ प्रत बाबांना पाठवली. शांतता उणे ६३ डेसिबल, एक चटका नाही, एक कुरकूर नाही. त्यांनी पहिली तीन प्रकरणं ऐकून फोन केला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण अगं, तिसऱ्या प्रकरणात आई विहिरीवर जाते तेव्हा मागून ती कोळशाची गाडी जायची. ती कुठे गेली?"

मी सांगितलं, ती काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

"हं," बाबा म्हणाले. "मग माझ्याकडे जुनीच राहू दे."