वाय बरोबर बाबांची सही

शेवटचा ग्राफ पेपर तुम्ही कधी हातात घेतला होता? आठवा बरं. बहुतेकांचं उत्तर दहावी किंवा फार तर बारावी असंच असणार. पुरवणीला दोऱ्याने बांधायचा तो चौकटींचा कागद, उजव्या कोपऱ्यात लिहायचं प्रमाण, टोक काढलेली पेन्सिल आणि दोन रेषा. त्या जिथं छेदतील तो बिंदू म्हणजे उत्तर. मार्क मिळाले, विषय संपला! पुढे ऑफिसात आपण एक्सेलमध्ये चार्ट काढतो, बॉसला दाखवतो, पण त्याला गणित वगैरे कुणी म्हणत नाही.

मी दहावीनंतर आर्ट्सला गेले, मग मासकॉम केलं. या रस्त्यावर गणित लागत नाही, हा त्याचा मोठा प्लस पॉइंट होता. त्यामुळे पुण्यातल्या एका शाळेत अकरावीला गणित शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे गणिताच्या तासाला चित्रं चाललीयत, येऊन बघ. तुझी एखादी स्टोरी होईल," तेव्हा मला फक्त 'चित्रं' आणि 'स्टोरी' एवढंच ऐकू आलं. फ्रीलान्सर माणसाला तेवढं आमिष पुरतं.

वर्ग कॉम्प्युटर लॅबमध्ये होता. असाइनमेंट साधी होती. तुम्हाला आवडेल ते चित्र काढा, पण माउसने रेघ ओढायची नाही. प्रत्येक रेघ समीकरणातून आली पाहिजे. किमान वीस समीकरणं हवीत आणि त्यात सरळ रेषा, पॅराबोला, वर्तुळ आणि साइनची लाट हे चौघं आलेच पाहिजेत. सॉफ्टवेअर होतं डेस्मॉस. एली लुबेरॉफ या अमेरिकन तरुणाने २०११ मध्ये सुरू केलेलं हे ग्राफिंग कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट वापरता येतं. त्यावर अशी चित्रं काढायची शाळकरी मुलांची जागतिक स्पर्धाही २०२० मध्ये सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, समीकरणातून चित्र कसं निघणार? फंडा सोपा आहे. 'वाय बरोबर एक्स वर्ग' टाइप केलं की स्क्रीनवर एक वाटी उमटते. मागे वजा चिन्ह लावलं की ती पालथी पडते, म्हणजे टेकडी किंवा टोपी. एक्सच्या आधी अर्धा लिहिला की वाटी पसरट होते, पाच लिहिला की अरुंद ग्लास होतो. वाटी उजवीकडे तीन घरं सरकवायची असेल तर मात्र एक्समध्ये तीन मिळवायचे नाहीत, वजा करायचे. इथं सगळा वर्ग गडबडतो. आणि वाटीचा जेवढा तुकडा हवा तेवढाच ठेवायला महिरपी कंसात हद्द लिहायची: एक्स शून्य ते दोन, बस्स. बाकीची वाटी गायब.

एका मुलीने आजीची नथ घेतली होती. मोत्यांसाठी वर्तुळं पटापट झाली, पण तारेचं वळण काही केल्या जमेना. तिच्या मागचा मुलगा गणपती काढत होता आणि सोंडेपाशी अडकला होता. वर्तुळ हे मुळात फंक्शनच नाही, हे तिथं मला नव्याने कळलं. फंक्शन म्हणजे एका एक्सला एकच वाय. वर्तुळात एका एक्सवर दोन बिंदू येतात, एक वर, एक खाली. म्हणून वरची कमान आणि खालची कमान अशी दोन वेगळी फंक्शन्स लिहावी लागतात. मैत्रिणीने हे फळ्यावर एकदाही लिहून दिलं नाही. नथवालीला खालची अर्धी कमान हवी होती, तिने स्वतःच विचारलं. गरज पडली की माणूस विचारतो.

फुलांची गंमत तर सॉलिडच. अठराव्या शतकात ग्वीदो ग्रांदी नावाच्या इटालियन गणितज्ञाने समीकरणातून गुलाब काढले. त्यांचा नियम असा, की कोनाला तीनने गुणलं तर तीन पाकळ्या, पाचने गुणलं तर पाच. पण चारने गुणलं तर आठ! विषम आकडा दिला तर तेवढ्याच पाकळ्या, सम दिला तर दुप्पट. लॅबमध्ये प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक तरी गुलाब होता, चित्रात लागो न लागो.

परतताना मैत्रिणीने मलाही होमवर्क दिला. वीस समीकरणं, विषय तुझा. मी चहाची किटली निवडली.

इथं आता बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे बाबा ड्राफ्ट्समन. पिंपरीच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी अठरा वर्षं काढली. तिरपा बोर्ड, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं. शाईची रेघ चुकली तर ती ब्लेडने इतकी हलकी खरवडायची, की कागदाला कळू नये. मग कॉम्प्युटर आले, कॅड आलं आणि २००३ मध्ये कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. नावात 'स्वेच्छा' असते, एवढंच. पुढे बाबा एका क्लासमध्ये डिप्लोमाच्या मुलांना इंजिनियरिंग ड्रॉइंग शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. गोळ्या चालू आहेत, चालणं-फिरणं ठीक आहे, पण फळ्यावर खडू टेकवला की रेघेला दात फुटायचे. त्यांनी क्लास सोडला. त्यानंतर बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेने नवीन सहीचा नमुना घेतला. त्या दिवसापासून बाबांनी घरात पेन हातात घेणंच बंद केलं. वाण्याची यादीसुद्धा मला तोंडी सांगतात.

रविवारी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन किटलीशी झटत होते. तोटी पोटाला जिथं जुळते तिथं टोक निघत होतं. बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून मागे उभे होते.

"अगं, टँजंट जुळत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन वळणं नुसती भेटून चालत नाही. भेटतात तिथं दोघांचा उतार एकच हवा. नाहीतर बोटाला सांधा लागतो."

ते खुर्ची ओढून बसले. पॅराबोला एक्स वर्गाचा असेल, तर एक्स एक असताना त्याचा उतार दोन. म्हणजे त्याला बेमालूम चिकटणारी सरळ रेषा कोणती? वाय बरोबर दोन एक्स वजा एक. मी टाइप केलं. रेष वाटीच्या कडेला अशी टेकली, की सांधा दिसेना. त्यांच्या हातात हे सगळं होतंच. अठरा वर्षं ते फ्रेंच कर्व्ह सरकवत हीच जागा डोळ्याने शोधत होते.

मग मीच थोडं वाचलं आणि त्यांना सांगितलं. गाड्यांच्या बॉडीची वळणं आकड्यांत पकडायची पद्धत फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जोने १९५९ मध्ये शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनॉतल्या पिएर बेझिएने ती १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे विकसित केली आणि नाव त्याचं लागलं. तुम्ही आत्ता वाचताय त्या अक्षरांची वळणंही फाँटमध्ये याच प्रकारच्या समीकरणांनी साठवलेली असतात. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आमची नोकरी यांनी खाल्ली होय!" आणि हसले. हसू खरं होतं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

किटली एकवीस समीकरणांत झाली. मैत्रिणीने पास केलं. पण लॅपटॉप पुढच्या रविवारी बाबांनीच मागितला.

त्यांनी कपाटातून एक जुना ट्रेसिंग काढला होता. खालच्या चौकटीत, 'ड्रॉन बाय'समोर त्यांची मराठी सही. मी तिच्याखाली ग्राफ पेपर ठेवला. हो, दुकानात जाऊन नवीन आणला, कारण ट्रेसिंगमधून चौकटी आरपार दिसतात. बाबा बिंदू वाचायचे, मी टाइप करायचे. त्यांनी स्वतः टाइप केलं तर एक आकडा दोनदा पडतो. शिरोरेषेला एक समीकरण पुरलं. अक्षरांच्या पोटाला आडवे पॅराबोला लागले, काना उभा म्हणून 'एक्स बरोबर' लिहावं लागलं. सहीखालची ती झोकातली तिरकी रेघ त्यांनी शेवटी ठेवली होती. तिचा उतार त्यांनी तीनदा बदलायला लावला.

तीन रविवार गेले, चौतीस समीकरणं झाली. स्क्रीनवर सही उभी राहिली, एकही रेघ न थरथरता. बाबा बराच वेळ बघत राहिले. बँकेला ही चालणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी काही बोलले नाही, तेही नाही.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"ती सतरावी ओळ उघड," ते म्हणाले. "तिथं सांधा दिसतोय."