मुलींचा टोला

श्रावणातल्या उघडिपीत धुळे तालुक्यातल्या एका गावी मी कपाशीवरचे तुडतुडे पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, फवारणीचे बोलणे झाले, बांधावरच चहा आला. मग त्या शेतकऱ्याने निराळाच विषय काढला. त्यांची मुलगी नववीत आहे. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात तिला घेतले आहे आणि आता सामन्यासाठी जळगावला न्यायचे म्हणतात.

"भाऊसाहेब, पोरले खेळाले धाडं तं कापूस कोन येची?" ते हसत म्हणाले. पण ते नुसते हसण्यावारी नव्हते. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, पुढचा टप्पा गाठला तर ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीवर येऊन आदळतात. त्या घरात वेचणीला चार हात आहेत, त्यांतले दोन या मुलीचे.

तिची आई म्हणाली, "कबड्डी, खो-खो आम्ही बी खेळलो. पण हे दांडकं घेऊन पोरींनी काय खेळायचं?" आणि वडिलांनी शेवटी सगळे माझ्याच गळ्यात घातले. "नवं बियाणं सांगता तेव्हा तुम्ही आधी प्लॉट दाखवता. तसं हे एकदा डोळ्यांनी पाहून या. तुम्ही हो म्हटलं तर पोर खेळेल, नाही तर नाही."

मंडळी, कीड-रोगावर सल्ला देणे सोपे असते. हा सल्ला जड होता. आमच्या घरी माझी धाकटी बहीण खो-खोत फार चपळ होती. आठवीनंतर तिचे मैदान सुटले तेव्हा मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. शिकला-सवरलेला म्हणून घरात माझा शब्द ऐकला गेला असता, पण मी बोललोच नाही. ती आज सुखात आहे. तरी शाळेच्या मैदानावरून जाताना तिची चाल थोडी मंदावते, हे मी पाहिले आहे.

म्हणून एका शनिवारी सकाळी धुळ्याच्या स्थानकावर जळगावची एसटी धरली. गाडी बायका-मुलींनी भरलेली. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट निम्मे झाले, तेव्हापासून या रस्त्यावर पुरुषांना खिडकी मिळणे कठीण झाले आहे. मिळाली नाही, तर मी उभ्यानेच कपाशी पाहत गेलो. फागणे, मुकटी मागे पडले. पारोळ्यापर्यंत काळी जमीन चांगली ओलावलेली, कपाशीला पाती-फुले लागलेली. एरंडोलच्या पुढे कुठे कुठे पाणी साचून पिवळी पडलेली रोपे दिसली. चर काढला असता तर वाचली असती. पाळधी गेले, बांभोरीजवळ पाइपांच्या कारखान्यांपुढे काळ्या नळ्यांची भेंडोळी रचलेली दिसली आणि गिरणेच्या पुलावरून गाडी जळगावात शिरली. केळीचा आणि भरताच्या वांग्यांचा हा मुलूख. दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. पण याच जळगावच्या मंडळींनी राज्याच्या सॉफ्टबॉल संघटनेचा कारभार बराच काळ वाहिला, हे मला स्वतःलाही उशिरा कळले.

मैदानावर पोचलो तो चुन्याने आखणी चालली होती. खेळ थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. पतंगाच्या आकाराचा चौकोन असतो. चार कोपऱ्यांना चार मुक्काम, त्यांना बेस म्हणतात, आणि एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. एका बाजूला नऊ खेळाडू. चेंडू टाकणारी मुलगी मधोमध उभी राहते आणि हात खालून गोल फिरवून चेंडू फेकते. मोठ्या महिलांच्या सामन्यात हे अंतर ४३ फूट असते. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. तो टोलवायचा आणि बेस गाठत गाठत घरी परत यायचे, की एक धाव. तीन चांगले चेंडू हुकले की बाद, तीन बाद झाल्या की डाव समोरच्यांचा. असे सात डाव. क्रिकेटपेक्षा मला हे विटी-दांडूच्या जवळचे वाटले. नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ मुळीच नसतो. १२ इंच घेराचा, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा. मी हातात घेऊन दाबून पाहिला, कच्च्या कवठासारखा लागला.

या खेळाचा जन्म १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला, तोही थंडीच्या दिवसांत एका बंद दालनात. कोणी तरी गंमत म्हणून मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने मोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला. त्या देशात आज गावोगाव मुलींच्या लीग चालतात. पण तेथेही लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये मुलींना १९७४ पर्यंत मज्जाव होता. प्रकरण न्यू जर्सीत सुनावणीला गेले, त्यानंतर दार उघडले, आणि त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलची वेगळी लीग निघाली. "पोरींनी काय खेळायचं" हा प्रश्न आपल्याच बांधावरचा नाही, एवढ्यापुरते हे सांगितले. ऑलिंपिकमध्ये १९९६ साली हा खेळ आला तो फक्त महिलांचा म्हणून. २००८ च्या आणि २०२१ साली टोकियोत झालेल्या अशा दोन्ही स्पर्धांत जपानच्या मुलींनी अंतिम सामन्यात अमेरिकेलाच हरवले. २०२८ साली तो पुन्हा ऑलिंपिकमध्ये आहे.

आपल्याकडे लीग नाही, शाळांच्या स्पर्धांची पायरी आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपले धुळे, जळगाव, नंदुरबार हे नाशिक विभागात येतात.

त्या दिवशी सरावाचा सामना होता. धुळ्याकडच्या मुली बिचकलेल्या, जळगावच्या सराईत. जळगावकडून एक थोराड बांध्याची मुलगी आली. दंड भरलेले. मला वाटले, ही चेंडू गिरणेपार घालवणार. तिने जीव खाऊन बॅट फिरवली आणि चेंडू चार हात घरंगळला. तिच्यामागून आली ती काडीसारखी. तिने विशेष जोर केल्यासारखेही दिसले नाही. पण असा टणत्कार उठला की बाहेरची मुलगी मागे पळता पळता अडखळली, आणि चेंडू कुंपणाला जाऊन लागला.

मी शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षक बाईंना विचारले, हे कसे? त्या म्हणाल्या, "पहिलीने हातांनी मारला. दुसरीने पायांनी."

दुपारच्या सुटीत त्यांनी मला ते नीट उलगडून दाखवले, आणि ते ऐकताना मला माझी सगळी शेती आठवत गेली. कडब्याची पेंढी गाडीवर फेकणारी बाई पाहा. ती दंडांनी फेकत नाही. दोन पाय फाकवून उभी राहते, पेंढी मागे झोकते, आणि मग टाच उचलून कंबर वळवते, तशी पेंढी आपोआप वर जाते. पऱ्हाटी उपटतानाही असेच. नुसत्या हातांनी ओढणाऱ्याची पाठ जाते, मांड्यांचा रेटा देणारा दिवसभर उपटतो. बॅटचे गणित तेच. जोर जमिनीतून पायात येतो, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, आणि हात अगदी शेवटी. गाडीवानाचा आसूड आठवा. मूठ जेमतेम वीतभर हलते, पण टोकाचा फटका कडाडतो. आधी मोठा भाग हलायचा, मग लहान, मग टोक. हा क्रम मोडला की थोराड मुलीचाही चेंडू घरंगळतो.

उभे राहताना पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर. बाईंनी टाचांवर उभ्या असलेल्या मुलीला एका बोटाने ढकलले, ती मागे गेली. चवड्यांवर उभी केली, तर जागची हलली नाही. बॅट तळहातात आवळायची नाही, बोटांत धरायची. घट्ट आवळली की मनगट आखडते, आणि कुऱ्हाड चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. समोरचीच्या हातातून चेंडू सुटतो तसा आपला भार मागच्या पायावर घ्यायचा, पुढचे पाऊल वीतभर टाकायचे, आणि ते टेकले की पुढचा पाय खांबासारखा ताठ करून त्याच्याभोवती कंबर वळवायची. मागची टाच उचलली जाते, बेंबी चेंडू टाकणारीकडे होते. तोवर हात मागेच. चेंडू अंगाला भिडू द्यायचा नाही, थोडा पुढ्यातच गाठायचा. नजर चेंडूवर, डोके स्थिर, आणि चेंडू लागला म्हणून बॅट थांबवायची नाही, ती पूर्ण फिरू द्यायची. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ताशी ऐंशी किलोमीटरने आलेला चेंडू त्याहून जास्त वेळ देत नाही. म्हणून विचार करून होत नाही, अंगवळणीच पडावे लागते.

आणखी एक चूक आपल्याकडे हमखास होते. मोठ्या भावाची जड बॅट मुलीच्या हाती देतात. बॅटचे वजन दुप्पट केले तर टोल्यातली ऊर्जा दुप्पट होईल, पण वेग दुप्पट झाला तर चौपट होते. तेव्हा जी वेगाने फिरवता येईल ती बॅट चांगली. मुलीला एका हाताने ती आडवी धरून पंधरा-वीस अंक मोजायला सांगावे. हात थरथरून खाली आला तर ती बॅट तिची नव्हे.

त्या थोराड मुलीला बाईंनी बॅट पाठीमागे आडवी धरून दोन्ही कोपरांत अडकवायला लावली आणि नुसती कंबर फिरवायला सांगितली. पन्नास वेळा. पोरगी चिडली. पुढच्या खेपेला तिचा चेंडू निदान पहिल्या बेसच्या पलीकडे गेला. चमत्कार नाही, पण उगवण दिसली.

आणि आमची नववीतली? पहिल्यांदा तिन्ही चेंडू हुकले. दुसऱ्यांदा उंच उडवून झेल दिला. मी मनात वडिलांना काय सांगायचे याची जुळवाजुळव करू लागलो होतो. तिसऱ्यांदा आली तेव्हा सगळ्यांच्या नजरा तहानेने पाण्याच्या टाकीकडे वळलेल्या. तिने दोघींच्या मधून असा सपाट टोला मारला की ती दुसऱ्या बेसवर जाऊन पोचली. तेथे उभी राहून तिने ओढणीने नाही, बाहीने तोंड पुसले आणि इकडे तिकडे पाहिले. मी आहे हे तिला ठाऊक नव्हते.

बाईंनी एक गोष्ट वडिलांच्या कानावर घालायला सांगितली. मुलगी चौथ्या-पाचव्या डावाला धापा टाकते. रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरांतल्या ५९ मुलींत रक्त कमी आढळले. आपण पिकाला लोह-जस्त कमी पडले की पाने पाहून ओळखतो, घरातल्या मुलीचा फिका चेहरा मात्र नजरेतून सुटतो. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाकून द्यायच्या नाहीत. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, शेवग्याचा पाला, हरभरा, आणि जेवणात लिंबू पिळलेले. चहा जेवणाबरोबर नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

संध्याकाळच्या गाडीने परतलो आणि दुसऱ्याच दिवशी त्या गावी गेलो. नोकरीची आशा दाखवणे मला बरे वाटले नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या स्पर्धांत प्रावीण्य मिळवणाऱ्यांना. जिल्हा खेळली म्हणजे नोकरी, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, हेही सांगितले. दोनदा बाद झाली तेही सांगितले. आणि मग तिसऱ्यांदाचे सांगितले, पेंढीचे आणि पऱ्हाटीचे सांगितले. आईने विचारले, "म्हणजे ती आपलंच काम तिथं करते म्हणायची?" मी म्हटले, "हो, पण तिथं ते तिचं स्वतःचं असतं."

वेचणीचे बोलणे निघालेच. शेजारच्या दोन घरांशी सावड करून पहिली वेचणी उरकायची, आणि मुलगी राज्यापर्यंत गेली तर आईने निम्म्या तिकिटात बरोबर जायचे, असे तूर्त ठरले. वडील पूर्ण राजी झाले आहेत असे मी म्हणणार नाही. भाव पडले किंवा पाऊस लांबला तर बोलणे पुन्हा निघेल.

सरावासाठी बाईंनी एक युक्ती दिली होती, ती वाचकांनाही सांगतो. चेंडू स्थिर ठेवून टोलवायला विकतचा खांब घ्यावा लागत नाही. जुन्या पीव्हीसी नळीचा मुलीच्या कमरेएवढा तुकडा कापावा, खाली सिमेंट भरलेल्या डब्यात तो उभा करावा आणि वरच्या तोंडाला रबरी होजचा वीतभर तुकडा घट्ट बसवावा, म्हणजे बॅट लागली तरी नळी फुटत नाही. चेंडू नसेल तर जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून शिवलेला चालतो. टोलवताना लहान मुले आणि गुरे लांब बांधावीत.

मी हे सांगत होतो तेव्हा मुलगी गोठ्याच्या दारात उभी होती. वडील उठले, छपराखाली पडलेल्या नळ्या चाळवू लागले, आणि तिथूनच ओरडून विचारले, "भाऊसाहेब, दोन इंची चालेल का अडीच लागते?"