धूर कोणाच्या गावचा?

आमच्या घरात वसंत ऋतूची वर्दी कोकीळ देत नाही, नाना देतात. फाल्गुन लागला, की एखाद्या रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू येते. मग दिवा लागतो, सौ. पाणी गरम करायला उठते आणि मी गॅलरीत जाऊन समोरच्या डोंगराकडे पाहतो. काळोखात एक तांबडी रेघ वळणे घेत वर चढत असते. दुरून पाहणाऱ्याला मोठे सुंदर दृश्य! माझी मुलगी लहान असताना म्हणाली होती, "बाबा, डोंगरानं दिवाळीची माळ लावली!" घरात दम्याचा माणूस नसता, तर त्या माळेवर एखादा ललित निबंध लिहून मीही मोकळा झालो असतो.

आम्ही राहतो खारघरला. मुंबईचा भार हलका करावा म्हणून १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि वाशी, नेरूळ, बेलापूर असे करीत नवे शहर डोंगराला वळसा घालून आमच्यापर्यंत येऊन पोहोचले. याच डोंगरात पांडवकडा आहे. पावसाळ्यात सुमारे शंभर मीटर उंचीवरून तेथे पाणी कोसळते. वनवासात पांडव येथे येऊन गेले अशी आख्यायिका आहे. पांडवांचे नाव निघाले, की मला खांडववनाची आठवण होते. ते वन का जळाले? तर यज्ञातले तूप पिऊन पिऊन अग्नीला अजीर्ण झाले होते आणि त्यावर तेच औषध होते! वणव्याच्या कारणांचा आपल्याकडचा हा बहुधा सर्वांत जुना खुलासा असावा. वन जळून गेले, त्यातून वाचलेल्या मयासुराने पांडवांना मयसभा बांधून दिली, आणि पुढे सर्वांच्या लक्षात राहिली ती मयसभाच. जळालेल्या वनाची चौकशी कोणी केली नाही. उलव्याची टेकडी सपाट करून उभा राहिलेला विमानतळ पाहायला आम्हीही हौसेने गेलो. टेकडी कशी दिसत होती हे आज मुलीला सांगू म्हटले, तर मला नीट आठवत नाही.

यंदाच्या मार्चमधली एक शनिवारची रात्र मात्र मी विसरणार नाही. वणवा बराच खाली उतरला होता. खिडक्या लावल्या, दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी खोलीत धुराचा वास भरला. नाना उशीला टेकून बसले होते आणि एकेक श्वास मोजून घ्यावा तसा घेत होते. मी फोन लावायला बसलो. एका कार्यालयाने सांगितले, तो भाग आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने विचारले, आग डोंगराच्या अलीकडच्या अंगाला आहे की पलीकडच्या? तिसरीकडे नुसती घंटा वाजत राहिली.

रागाच्या भरात मी बरेच बोललो. पण नकाशा पाहिला तेव्हा त्या माणसांचीही कीव आली. डोंगराच्या एका अंगाला ठाणे जिल्हा आणि १९९२ पासून कारभार पाहणारी नवी मुंबई महानगरपालिका. दुसऱ्या अंगाला रायगड जिल्हा आणि २०१६ साली झालेली पनवेल महानगरपालिका. वरची काही जमीन वनखात्याची, काही सिडकोची. कागदावर रेघा अगदी ठळक आहेत. पण धुराला सात-बारा वाचता येत नाही.

आग डोंगरावर आणि धूर आमच्या उशाशी, हे कसे? आमच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकांनी ते समजावून दिले. दिवसा खाडीकडून वारा येतो आणि तापलेल्या उतारावरून हवा वर चढते. रात्री उतार निवतो, त्याला टेकलेली हवा गार आणि जड होऊन पाण्यासारखी खाली वाहते, आणि तिच्याबरोबर धूर येतो. पहाटेपर्यंत तो सखल भागात साचून राहतो. "म्हणजे दिवसा खालचा माल वर, रात्री वरचा माल खाली," ते हसून म्हणाले. त्यातल्या पहिल्या निम्म्या वाक्याकडे माझे तेव्हा लक्ष गेले नाही.

रविवारी सकाळी इमारतीखाली आमची सभा भरली. निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या मते हे जमिनीवर डोळा असणाऱ्यांचे काम. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना सिगारेटची थोटके फेकणारी सहलीची पोरे दिसत होती. एकांनी शाळेच्या पुस्तकातला बांबूवर बांबू घासल्याचा दाखला दिला. पण या गवताळ उतारावर बांबूचे बन नाही आणि फाल्गुन-चैत्रात वीजही सहसा पडत नाही. तेव्हा हात माणसाचाच, यावर एकमत झाले. मतभेद एवढाच, की कोणाचा? आणि गंमत अशी, की प्रत्येकाने दाखवलेला हात दुसऱ्याचा होता. मी डोंगरावरच्या पाड्यांकडे बोट दाखवले. नवे गवत फुटावे म्हणून तेच जाळतात, असे ठासून सांगितले.

नानांनी वर गॅलरीतून ते ऐकले असावे. मी घरी आल्यावर म्हणाले, "आपणही जाळणारेच की रे!" आमचे गाव माणगाव तालुक्यातले. भाताचा तरवा टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांचे कवळ आणि गवत यांचे थर पसरून, वर माती टाकून उन्हाळ्यात राब भाजतात, हे मीही लहानपणी पाहिले आहे. "पण राब पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट अंगानं," नाना म्हणाले, "म्हणजे आग रांगत येते, धावत नाही. कडेचं गवत आधी काढायचं आणि ओल्या फांद्या घेऊन चार माणसं उभी करायची. आगीला बैलासारखं दावं लागतं. दावं सुटलं, की तो वणवा." एवढे बोलून त्यांना धाप लागली.

हा वाद काही आमच्या इमारतीपुरता नाही. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस आगी भडकत होत्या. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, आणि खाली लोक भांडत होते की हे कोरड्या हवेने झाले की माणसाने केले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या जंगलांचा धूर सरहद्द ओलांडून न्यूयॉर्कवर आला आणि भरदिवसा आकाश नारिंगी झाले. १९९७ साली इंडोनेशियातल्या आगींनी सिंगापूर आणि मलेशियाचा श्वास कोंडला. तेथेही कोणी लहान शेतकऱ्याला दोष दिला, कोणी तेलताडाच्या बड्या मळेवाल्यांना. २००२ साली आग्नेय आशियातील राष्ट्रांनी या धुराबद्दल करार केला; ज्या देशातून धूर निघतो त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ साली. आपल्याकडे राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि २००४ पासून डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगींची खबर राज्यांना पाठवते. पण उपग्रहाला वणवा दिसतो. काडी ओढणारा हात दिसत नाही.

पुढच्या रविवारी पहाटे मी आणि मुलगी डोंगर चढलो. खालच्या वळणांवर पळस फुलला होता; दुरून तोही आगीसारखाच दिसतो. त्यापुढे मात्र सगळे काळे. पावलागणिक राख उडत होती. टिटवी, लावा हे पक्षी अशा माळावर जमिनीलगतच अंडी घालतात. मुलगी पुन्हा पुन्हा खाली वाकून पाहत होती, मी काही बोललो नाही. गवताची मुळे जिवंत राहतात, म्हणून वणव्यानंतर हिरवे कोंब येतातही. पण ऐन-कुड्याची बोटभर रोपे मरतात. मग डोंगर वर्षानुवर्षे गवताचाच राहतो, आणि पहिल्या पावसात राख आणि माती दोन्ही ओढ्याला लागतात.

पाड्याजवळ एक माणूस भेटला. पन्नाशीचा असेल. उजव्या पायाला फडके गुंडाळलेले. मी आठवडाभर मनात घोळवलेला प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यात मास्तरकी होती हे कबूल केले पाहिजे. "तुम्ही लोक हे गवत का जाळता?"

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले. "गवत जाळलं तर गुरं काय खातील, साहेब? त्या रात्री आग घरांपाशी आली. आम्ही दहा-बारा जण पहाटेपर्यंत फांद्यांनी झोडत होतो." पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे त्यातलंच." मग थोडा थांबून स्वतःच म्हणाला, "आमच्यातला कोणी पेटवत नसेल असं मी नाही म्हणणार. खालून येणारेही पेटवतात. पण विझवायला आम्हीच असतो."

मला काही सुचेना. मुलीने पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली. ती घेता घेता तो खालच्या इमारतींकडे पाहत म्हणाला, "तुमच्याकडं रोज सकाळी काय जाळतात?" आठ वाजून गेले होते. खाडीवरचा वारा सुटू लागला होता आणि इमारतींच्या एका रांगेमागून करड्या धुराची एक दोरी तिरपी होत डोंगराकडे येत होती. ती रांग आमचीच होती. झाडलोट करणारा मुलगा पाचोळा आणि त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कुंपणाशी पेटवतो, हे मला माहीत होते. तसे करायला त्याला आमच्याच सोसायटीने सांगितले होते. त्या ठरावावर माझी सही आहे.

उतरताना मुलगी फारशी बोलली नाही. घरी आल्यावर तिने आजोबांना सगळे सांगितले. माझा प्रश्नही, जसाच्या तसा. नाना हसले नाहीत. "मग आता?" एवढेच त्यांनी मला विचारले.

आता आमच्या कुंपणाशी पाचोळ्याचा खड्डा आहे. त्यावरून सभेत पुष्कळ वादावादी झाली, डासांचा प्रश्न निघाला, खर्चाचा निघाला; ठराव एका मताने पार पडला. त्याने डोंगरावरचा वणवा थांबणार नाही, हे मला कळते. नानांचा दमाही त्याने बरा होणार नाही.

हे लिहीत असताना दिवाळी जवळ आली आहे. पाऊस सरला आहे, डोंगर हिरव्याचा पिवळा होऊ लागला आहे आणि कमरेएवढे गवत वाऱ्यावर डोलते आहे. पाहुण्यांना ते पाहून फार बरे वाटते. नाना मात्र गॅलरीत बसून त्याच्याकडे सावकाराकडे पाहावे तसे पाहतात. त्या पाड्यावरच्या माणसाने निघताना मला सांगितले होते, की गवत वाळले की होळीच्या आधी घरांभोवती पट्टा कापून काढावा लागतो; वनखाते त्याला जाळरेषा म्हणते. माणसे कमी पडतात, येणार का, असे त्याने विचारले. मी हो म्हटले आहे. मुलीने आपले नावही त्यात घातले आहे. कोयता अजून विकत घ्यायचा आहे. तो धरायचा कसा, हे नाना शिकवणार आहेत.