शहर की गायरान? आमच्या घरातला न सुटलेला हिशेब

"बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं होतं. मग तुम्ही अजून गावात काय करताय?"

गेल्या महिन्यात पुण्यात एका कार्यकर्त्या मित्राने आम्हाला हे विचारलं. आपुलकीने विचारलं, पण रात्रभर झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न सध्या आमच्या घरात रोज जेवताना निघतो आणि रोज भांडणावर संपतो.

आम्ही म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या भीमनगरात राहणारे दोन भाऊ, दोघी जावा, आई आणि तीन लेकरं. धाकट्याला चाकणकडे एका कारखान्यात कंत्राटी काम मिळालं आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांनीच पुण्याला जावं असं घरातल्या निम्म्यांचं म्हणणं आहे. उरलेल्या निम्म्यांचा पाय गायरानात अडकला आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. गाव सोडणं आम्हाला नवीन नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आमची अर्धी वस्ती उचल घेऊन ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने कारखान्याच्या फडावर पालात राहायचं, लेकरांची शाळा बुडवायची आणि उन्हाळ्यात परत येऊन फिटली नाही ती उचल मोजत बसायचं. त्यामुळे "गाव की शहर" असा सरळ प्रश्न आमच्यापुढे कधीच नव्हता. प्रश्न एवढाच की कुठे गेलं तर माणूस म्हणून पाय टेकायला जागा मिळेल.

शहराच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचं जे वाभाडं काढलं, ते आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, अंगावर सोसलं. आमच्या आईला अजून काही दारांत चहा वेगळ्या कपात मिळतो. जयंतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार, यावर दरवर्षी पोलीस पाटलाकडे बैठक होते. आमच्या मोठ्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. तिला विज्ञान शाखा हवी. तालुक्याचं कॉलेज अठरा किलोमीटरवर आणि संध्याकाळी एसटी एकच. पुण्यात ती बसने जाईल-येईल, अभ्यासिकेत बसेल, आणि रस्त्याने चालताना तिच्याकडे बघून कोणी तिच्या आजोबांचं काम आठवणार नाही. हे शेवटचं सगळ्यात मोठं आहे. पैशात मोजता येत नाही.

आता शहरात काय झालं ते सांगतो. धाकटा पुढे जाऊन दोन महिने खोली शोधत होता. एजंटने फोनवर आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं, त्यावरून नक्की कळत नाही. म्हणून पुढचा प्रश्न आला, "म्हणजे कोणते?" धाकट्याने खरं सांगितलं. तासाभरात निरोप आला की मालकांनी खोली दुसऱ्याला दिली. तीन ठिकाणी हेच. चौथ्या ठिकाणी फक्त "नॉनव्हेज चालत नाही" एवढंच ऐकायला मिळालं, आणि ते ऐकून त्याला बरं वाटलं! शेवटी येरवड्याला आपल्याच एका माणसाने दहा बाय बाराची खोली दिली. संडास सार्वजनिक, पाणी पहाटे दीड तास. पण तिथे कोणी काही विचारलं नाही. विहार दोन मिनिटांवर आहे.

हे ऐकून आम्हाला बडोदा आठवलं. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, आणि ओळख फुटल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. बडोदा काही खेडं नव्हतं. एका पुरोगामी म्हणवणाऱ्या संस्थानाची ती राजधानी होती. आणि मुंबई? तिने आपल्या माणसांना गिरणीचं दार उघडलं हे खरं, पण विणकाम खात्याचं दार बंदच ठेवलं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नाही, म्हणून. पगार जास्त त्याच खात्यात होता. आज धाकट्याच्या कारखान्यात कोणावर बंदी नाही. तरी हाउसकीपिंगच्या गणवेशात कोण दिसतं आणि सुपरवायझरच्या खुर्चीत कोण, हे पाहायला त्याला एक पाळी पुरली.

तरीसुद्धा आम्ही शहराच्याच बाजूने झुकलो असतो. अडलं ते तीन एकर गायरानाशी.

आमच्या वडिलांनी १९८६ च्या पावसाळ्यात त्या माळावर पहिला नांगर घातला. दगड वेचायलाच दोन वर्षं गेली. दोनदा उभं पीक जनावरं सोडून चारलं गेलं, एकदा वडिलांचं डोकं फुटलं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमचे आजोबा तुरुंगात गेले होते. म्हणजे या तीन एकरांच्या मागे दोन पिढ्या आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. आमची नोंद गाव नमुना १-ई मध्ये आहे, दंडाच्या पावत्या आहेत. सातबारा मात्र अजून नावावर नाही. त्यामुळे पीककर्ज नाही, विमा नाही.

अशा जमिनीचं एक वैशिष्ट्य असतं. ती कसत राहिलात तरच तुमची. ज्यांचा सातबारा आहे ते जमीन बटईने देऊन खुशाल अमेरिकेला जातात. आम्ही दोन हंगाम पुण्यात काढले तर तिसऱ्या हंगामात तिथे कोणाचा तरी कडबा रचलेला असेल, नाहीतर ग्रामपंचायतीचा ठराव तयार असेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा शासनाच्या धोरणाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला होता. गावात निकालाचा पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. अपवाद फक्त आम्हाला.

म्हणून त्या मित्राला आमचं उत्तर असं, की बाबासाहेबांनी "गाव सोडा" एवढंच सांगितलं हे अर्धं वाचन आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करायला सांगितली आणि आपल्या लोकांच्या वेगळ्या वसाहतींसाठी आयोग मागितला. त्यांना गावकीची गुलामी तोडायची होती. त्यासाठी जमीन हवी होती, नुसतं बसचं तिकीट नव्हे. हातातली जमीन टाकून चाकणला कंत्राटी मजूर होणं म्हणजे मुक्ती असेल, तर ऊसतोडही मुक्तीच म्हणायला हवी.

यावर आमच्याच घरात प्रतिवाद होतो, आणि तो खोटा नाही. धाकटी जाऊ म्हणते, "जमीन राखायची म्हणून माझी लेकरं वेगळ्या कपातला चहा बघत मोठी व्हायची का?" याला आमच्याकडे उत्तर नाही. आई म्हणते, "पंधरा घरं होती, नऊ राहिली. आपण गेलो तर आठांना कोण राखील?" यालाही नाही.

मध्ये हैदराबादचीही टूम निघाली होती. एका नातेवाइकाने तिकडे कायमची नोकरी लावून देतो म्हटलं. ती आम्ही लगेच मोडीत काढली. अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते, आणि स्थलांतर करून गेलेल्याला नव्या राज्याच्या शिक्षणात-नोकरीत तिथला अनुसूचित जातीचा म्हणून हक्क मिळत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात आणि पुन्हा २०१८ च्या बीर सिंग खटल्यात घटनापीठाने हे सांगितलं आहे. जात सोबत येते, आरक्षण सीमेवर राहतं. पुणे निदान महाराष्ट्रात आहे. आयटी-इंजिनिअरिंगसाठी बेंगळुरूला कायमचं बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्या पोरांनी, लेकरं तिथे शाळेत घालण्याआधी याचा विचार केलेला आम्ही फारसा पाहिला नाही.

तर सध्या ठरलं ते असं. मुलगी अकरावीला पुण्याला जाईल, काका-काकूंजवळ राहील. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरायचा, तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा. धाकटी दोन लेकरंही तिकडेच. थोरला, थोरली आणि आई गावात. दोन चुली म्हणजे दोन खर्च, खोलीभाडं सात हजार. चळवळीतल्या लोकांना हे तळ्यात-मळ्यात वाटेल. वाटू दे. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा बसू.

आणि जे वस्तीतून निघालेच आहेत, त्यांनी निघण्याआधी तहसीलमधून १-ई च्या नोंदीची प्रमाणित प्रत घ्यावी, दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे, भांडणातल्या फिर्यादींची कागदं एका पिशवीत घालावी, आजोबा-वडिलांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासकट. जात पडताळणीला उद्या तेच लागतं. आमच्या वडिलांनी त्या पावत्या धान्याच्या कणगीत ठेवल्या होत्या. दोन उंदरांनी खाल्ल्या. उरलेल्या पाचांवर आमचं सगळं उभं आहे.