तेलाचे डबे, दोडका आणि अक्कांचा प्रश्न



गच्चीवर रिकाम्या डब्यांत भाजी लावते हे मंदिरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी बी मागतं, कोणी डब्याला भोकं किती पाडायची ते विचारतं. गेल्या चातुर्मासात एका अक्कांनी मात्र वेगळंच विचारलं. "माती उकरायची, पाणी घालायचं, कीड पडली की तिच्या मागं लागायचं. आरंभ कमी केलास की वाढवून ठेवलास?" अक्का टोमणे मारणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून प्रश्न डोक्यातून गेला नाही.

पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे पाच स्थावर जीव आपण पाठशाळेत शिकलो. म्हणजे डब्यात माती भरली तिथूनच हिंसा सुरू झाली, यात शंका नाही. पण गृहस्थासाठी शास्त्रानं हिंसेचे चार भेद केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. संकल्पी पूर्ण सोडायची. आरंभी हिंसा चूल पेटवली, केर काढला तरी होतेच, ती यत्नाचारानं कमी करायची. आरंभत्याग ही आठवी प्रतिमा. ती घेतलेल्यानं बागेला हात लावू नये, हे उघड आहे. मी त्या पायरीच्या फार खाली आहे. स्वयंपाक करते, भाजी विकत आणते. बाजारातल्या भाजीवर कोणीतरी औषध मारलेलं असतं, ते माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच. मी मारलं नाही म्हणून सुटका होत नाही, कारण कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही आपल्याकडे मोजले जातात. गच्चीवरच्या भेंडीच्या बाबतीत निदान काय मेलं, काय वाचलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं आणि हात आवरता येतो. अक्कांना मी एवढंच सांगितलं. त्या "बघ बाई" म्हणाल्या. पटलं की नाही ते कळलं नाही.

आता हात आवरायचा म्हणजे काय, ते सांगते.

माव्यावर आणि अळ्यांवर कसलंही औषध नाही. कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही. "ते नैसर्गिक आहे" असं पुष्कळ जणी म्हणतात, पण मारायच्या हेतूनं फवारलं की ते संकल्पीतच गेलं, असं माझं मत आहे. त्याऐवजी एक रंगाची जुनी बादली मी अळ्यांना देऊन टाकली आहे. कोबी-फ्लॉवरची दोन-चार रोपं त्यात लावते. दुसरीकडे अळी दिसली तर ती पान खुडून पानासकट तिथं नेऊन ठेवते. घरात त्या बादलीला 'पाहुण्यांची खोली' म्हणतात. मावा फारच पसरला तर त्या झाडाची आशा सोडते. रोपं दाटीनं लावली नाहीत, वारा खेळता राहिला, तर मुळात कीड कमी पडते. अर्धं काम तिथंच होतं.

साठलेलं पाणी हे दुसरं. डब्याखाली ताटली ठेवली आणि त्यात पाणी राहिलं की डासांची अंडी, मग वळवळ. त्रस जीवांची उत्पत्ती आपणच करायची आणि नंतर ओतून मारायची, याला काय अर्थ आहे? म्हणून ताटली नाहीच. डबे दोन विटांवर ठेवते, पाणी खाली निघून जातं, विटांखाली मुंग्यांना वाटही राहते. पाणी गाळलेलंच, आणि उजाडल्यावर घालायचं, म्हणजे बुडाशी कोण बसलंय ते दिसतं. याच कारणासाठी ओल्या कचऱ्याचं खत मी घरी करत नाही. साली गायीला जातात. मातीत चांगलं मुरलेलं कोरडं शेणखत आणि वाळका पाला घालते.

डब्यांचं म्हणाल तर पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा सगळ्यात कामाचा. वरची धार ठोकून आत वळवायची, नाहीतर हात कापतो. बुडाला खिळ्यानं सहा-सात भोकं पाडून त्यावर करवंटीचे तुकडे घालायचे. मिरची, टोमॅटो, भेंडी यात छान येतात. दोडका-कारल्याला वीस लिटरची बादली लागते. मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोलीसुद्धा पुष्कळ, आईस्क्रीमचे डबे चालतात. धने पेरताना हलकेच रगडून दोन फाकी करायच्या. औषधाचे किंवा रसायनांचे डबे मात्र कितीही धुतले तरी नकोत. आणि मैत्रिणींनो, 'कधीतरी लागेल' म्हणून माळ्यावर डबे साठवणं हाही परिग्रहच. माती भरा, नाहीतर भंगारात द्या.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर लावायचा प्रश्नच नसल्यामुळे आपली बाग तशी सोपी असते. पंचांगही मदत करतं. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, त्या काळात डब्यांत दोडका, भेंडी, गवार. दिवाळी झाली, चातुर्मास संपला की थंडी लागते, आणि मेथीला हवी असते तीच हवा. महिन्याभरात जुडी तयार.

अडचण येते दशलक्षणात. दहा दिवस हिरवं तोडायचं नाही, आणि भेंडी तर दोन दिवसांत जून होते. शेजारच्या वहिनींना मी सांगते, तुम्ही न्या. त्या लाजतात, "तुमच्या पर्वात आम्ही कसं तोडायचं?" मग भेंड्या झाडावरच राहतात, वाळतात, तडकतात. त्याचंच पुढच्या वर्षीचं बी.

पैशाचा हिशेब मी वहीत लिहिते, कॉमर्सवाल्यांची खोडच ती. माती, खत, बांबू धरले तर गेल्या वर्षी भाजी बाजारापेक्षा महाग पडली. फक्त पुदिना, कोथिंबीर आणि मिरची यांत फायदा झाला. पैसे वाचवायला कोणी हे करणार असेल तर त्या तिघांवरच थांबावं.

अक्का परवा गच्चीवर येऊन गेल्या. बराच वेळ 'पाहुण्यांच्या खोली'पाशी उभ्या होत्या. जाताना दोडक्याचं बी मागितलं, सुनेसाठी म्हणाल्या.