बीदरची सुरंग बावी

गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरकडे निघाले की काळ्या मातीतील तुरीची शेते दूरवर सोबत करितात. हुमनाबाद मागे पडल्यावर भूमीचा रंग पालटतो व बीदरच्या पठारावर तांबडा जांभा लागतो. या जांभ्याच्या पोटात एक जुने धन दडलेले आहे.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहामनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. उंच पठारावर एवढ्या वस्तीस पाणी कोठून मिळावे? तेव्हा इराणातील 'कारेझ' विद्या येथे उपयोगी पडली. कानडी लोक तिला 'सुरंग बावी' म्हणतात. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपून खालच्या काळ्या पाषाणावर थांबते. तेथवर मूळ विहीर खणावयाची, तिच्यापासून मंद उताराचे भुयार काढावयाचे व वाटेतील उभ्या विवरांतून माती उपसून आत हवा खेळवावयाची, अशी ही रचना. मोट नाही, यंत्र नाही; पाणी आपल्याच ओढीने चालत येते.

नौबाद येथील कारेझ आम्ही पाहिली. तिची कित्येक विवरे माती व केरकचऱ्याने बुजून गेली होती. केरळातील भूगोलाचे अध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात तिचा माग काढून नकाशे केले. पुढे गाळ उपसण्याचे कामही झाले.

हे पाहून आम्हांस उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाक आठवला. पलिष्ट्यांनी बुजविलेल्या आपल्या बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या व त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेविली. त्याने नवी विहीर खणताच मात्र तेथील गुराखी पाण्यावर हक्क सांगत भांडावयास आले. आजही तेच चालले आहे. ज्याच्यापाशी पैसा, त्याची कूपनलिका अधिक खोल. आणि शेजारच्या गरिबाची विहीर कोरडी. कारेझ मात्र झिरपेल तेवढेच घेते.

आळंदच्या रस्त्यावर कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठांतून ही विद्या शिकविली जावी असे आम्हांस वाटते. परंतु गुरूच्या आसनावर विहिरी खणणारा वडार व मातीची ओल पाहून पेरणी ठरविणारी वृद्ध शेतकरीणही बसावी. ज्यांचे ज्ञान घ्यावे, त्यांचे नाव राखावे व पाण्यातील त्यांचा वाटा त्यांस द्यावा. इसहाकाने नावे राखिली, त्यातील मर्म हेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रात पिण्याचे शुद्ध पाणी हा मनुष्यमात्राचा हक्क म्हटला आहे, व भूमीविषयी निर्णय घेताना मूळ रहिवाशांचा शब्द आधी ऐकावा असे सांगितले आहे.

वाचकहो, आपल्या गावीही एखादी बुजलेली विहीर असेल. तिचे नाव सांगणारे कोणी हयात आहे तोवर त्यांजपाशी जाऊन बसा, आणि मुलांनाही बरोबर न्या.