भिंतीचा पहारा

भिंत जाड असली कीं घरांत गारवा असावयाचाच, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. आम्हांस ती खोटी वाटत नाहीं. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात.

सोलापुराकडील माळवदाच्या घरांत आमचे पुष्कळ उन्हाळे गेले. दीड-दोन हात रुंदीच्या त्या मातीच्या भिंतींतून दुपारचा ताप आंत पोंचेपर्यंत रात्र होई. तोंवर आम्ही माळवदावर अंथरुणें घातलेलीं असत, आणि भिंती रात्रीच्या वाऱ्यानें निवून दुसऱ्या दिवसाच्या चाकरीस तयार होत. मातीची भिंत उष्णता सांठवून उशिरां देते. हल्लींचें उष्णतारोधक अस्तर, मग तें थर्माकोलचें असो वा काचतंतूंचें, सांठवीत जवळजवळ कांहींच नाहीं, केवळ अडवितें. अडविण्यापुरतें पाहिलें तर तीन इंच थर्माकोल सुमारें पांच फूट जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो.

परंतु हा पहारेकरी दोन्ही बाजूंस सारखाच कठोर. पश्चिमेच्या कांचेंतून शिरलेलें ऊन, चुलीची धग, माणसांच्या अंगची ऊब, यांपैकीं कोणासही तो रात्रीं बाहेर जाऊं देत नाहीं. थंडीसाठीं बांधलेल्या इंग्लंडांतील बंदिस्त घरांचें दुखणें हेंच. तेथें १९ जुलै २०२२ रोजीं पारा ४०.३ अंशांवर गेला.

मग अस्तर टाकाऊ म्हणावें काय? तसेंही नाहीं. २००३ सालच्या उन्हाळ्यांत फ्रान्समध्यें सुमारें १५,००० माणसें उष्म्यानें दगावलीं, त्यांत वृद्धच फार. मागाहून झालेल्या चौकशींत छपरालगतच्या खोलींत निजणें आणि घरास अस्तर नसणें, या दोन्ही गोष्टी धोका वाढविणाऱ्या ठरल्या.

तेव्हां क्रम महत्त्वाचा. आधीं कांचेवर बाहेरून सावली. मग छपरावर व भिंतीच्या बाहेरच्या अंगास अस्तर, म्हणजे विटांची सांठवण खोलीच्या उपयोगीं पडते. आणि रात्रीं खिडक्या सताड उघड्या. भारत सरकारच्या २०१८ सालच्या ‘इको निवास संहिते’नें भिंतीबरोबर खिडक्यांचाही हिशेब मागितला, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. ज्या म्हातारीची खिडकी डांसांच्या व चोरांच्या भयानें रात्रभर बंद असते, तिच्या घरास जाळी आणि गज हेही अस्तराइतकेच अगत्याचे आहेत.